अडेलतट्टू

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, हे कोडे लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. हे उत्तर प्रथम कळते तेव्हा मोठी गंमत वाटते. चूल, पानाची टोपली आणि पागा अशा तीन ठिकाणच्या तीन अडचणी एका शब्दात सुटतात आणि साऱ्या जगाची एकच किल्ली हाती आल्याचा आनंद होतो. पुढे वय वाढते, किल्ल्यांवरचा विश्वास कमी होत जातो. भाकरी आणि पान यांच्याविषयी माझी अजूनही काही तक्रार नाही. पण घोड्याविषयी मात्र एक शंका मला सोडीत नाही. ज्याला रोज फिरवले जाते, वेळेवर चंदी मिळते, ज्याच्या अंगाला नेमाने खरारा होतो, असा घोडाही एखाद्या दिवशी अडतो. मग काय म्हणावे?

आपल्या भाषेने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. त्याला ‘अडेलतट्टू’ म्हणावे. हा शब्द इतका रुळला आहे की, आता तो आपण घोड्याला क्वचितच लावतो. हट्टी मुलाला, कचेरीतल्या सहकाऱ्याला, सभेत एकट्याने विरुद्ध मत देणाऱ्या सभासदाला लावतो. ज्या मूळ तट्टावरून हा शब्द आला ते बिचारे का अडले होते, याची चौकशी कोणी केली होती की नाही, याचा पत्ता शब्दात नाही. त्याच्या खुरात खडा असेल, पाठीवर खोगिराचा व्रण असेल, पोटात कळ असेल. शब्दाने फक्त त्याचा दोष जपून ठेवला. त्याचे दुखणे वाऱ्यावर गेले.

माणसाची ही जुनी खोड आहे. दुखण्याला नाव सापडले नाही की आपण दुखणाऱ्याला नावे ठेवतो. या खोडीचा विचार करायला स्पर्धेच्या घोड्याइतका चांगला विषय नाही, असे मला वाटते. कारण तो बोलत नाही, त्याच्यावर पुष्कळ पैसा आणि त्याहून पुष्कळ अभिमान लागलेला असतो, आणि त्याचे अडणे चारचौघांत, भर मैदानात होते.

घोड्याचे दुखणे ओळखणे मुळातच कठीण. कुत्रा विव्हळतो, मांजर कोपऱ्यात जाऊन बसते. घोडा पडला शिकार होणाऱ्यांच्या कुळातला. लंगडणाऱ्यावर वाघाची नजर आधी जाते, हे ज्याच्या रक्तात भिनले आहे, तो आपले लंगडणे होता होईतो झाकतो. अगदीच असह्य झाले तर तो मागे वळून आपल्या पोटाकडे पाहतो, पाय आपटतो, लोळतो. त्याच्या अलीकडच्या साऱ्या गोष्टी बारीक असतात. कानाची दिशा, डोळ्यावरच्या पापणीचा ताण, शेपटीचा एखादा झटका. आपण त्या पाहतो, पण वाचीत नाही.

उलट तो आपल्याला किती वाचतो! बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स नावाचा घोडा गणिते सोडवण्याबद्दल प्रसिद्ध होता. बेरीज विचारली की तो टाप आपटून उत्तर देई. १९०४ साली मोठमोठ्या विद्वानांनी त्याची तपासणी केली, पण त्यांना काही लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने छडा लावला. उत्तर जवळ आले की प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात, श्वासात नकळत सूक्ष्म बदल होई. तो पाहून हान्स थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्सही चुके. लोकांनी यातून एवढाच बोध घेतला की, घोड्याला गणित येत नव्हते. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. माणसाला स्वतःलाही न कळलेली त्याच्या मानेची हालचाल घोड्याला कळत होती. इतक्या जवळून जो आपल्याला वाचतो, त्याच्या पाठीवर बसून आपण त्याचे दुखणे वाचू शकत नाही. या दोघांत अडाणी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

पुण्यातील माझ्या एका स्नेह्यांच्या मुलीची एक घोडी होती. तांबड्या रंगाची, नऊ वर्षांची, सव्वा मीटर उंचीचे अडथळे लीलया ओलांडणारी. एका हिवाळ्यात तिचे काहीतरी बिघडले. अडथळ्यापाशी येई, कान मागे टाकी आणि थांबे. कधी दोन उड्या सुरेख मारी आणि तिसरीला तोंड फिरवी. पशुवैद्य आले. त्यांनी तिचे दात पाहिले, नाल काढून खूर तपासले, रक्त तपासले, पायांचे आणि पाठीचे क्ष-किरण फोटो घेतले. नवे खोगीर करवून पाहिले. काही सापडले नाही.

लंगड्या घोड्याचे दुखणे शोधण्याची पशुवैद्यांची एक पद्धत आहे. पायातल्या एकेका मज्जातंतूपाशी बधिर करणारे औषध टोचायचे, खुरापासून सुरुवात करून वर वर जायचे आणि दर वेळी घोड्याला दुडक्या चालीने पळवून पाहायचे. ज्या टप्प्यावर लंगडणे थांबते, तेथे दुखण्याचे घर. दुखणे निघून गेल्यावर ते कोठे राहत होते ते कळते, असा हा उलटा न्याय. या घोडीच्या बाबतीत तोही लागू पडला नाही.

मग मते सुरू झाली. शिकवणारे म्हणाले, “घोडीनं तुला ओळखलंय. एकदा कडक हो, सुतासारखी सरळ येईल.” मोतद्दार म्हणाला, “ताई, नजर लागलीय तिला,” आणि त्याने तिच्या ठाणापाशी लिंबूमिरची बांधली. मला या दोघांत मोतद्दाराचे निदान जास्त सभ्य वाटले. ते खरे होते म्हणून नव्हे. पण त्यात निदान दोष घोडीचा नव्हता.

शेवटी पशुवैद्यांनी काही दिवस वेदनाशामक औषध देऊन पाहण्याचे सुचवले. फेनिलब्युटाझोन हे ते औषध. घोड्यांच्या जगात सर्वांच्या ओळखीचे. औषध सुरू झाले आणि पाचव्या दिवशी घोडी पूर्वीसारखी उडू लागली. औषध थांबवले, की पुन्हा कान मागे. अशा परीक्षेवर सर्वस्वी विसंबता येत नाही, हे पशुवैद्यांनी आधीच सांगितले होते. तरी एवढे दिसले की, कोठेतरी काहीतरी दुखत असावे. कोठे आणि का, ते कळले नाही.

खरा प्रश्न येथून सुरू झाला. ते औषध अंगात असताना घोड्याला स्पर्धेत उतरवणे आंतरराष्ट्रीय नियमांना मान्य नाही. म्हणून तो मार्ग बंद होता. वडिलांचे मत पडले की घोडी विकावी. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. खर्च खरोखरच पेलण्यापलीकडे चालला होता. मुलीने विचारले, “घेणाऱ्याला काय सांगायचं, बाबा?”

“सांगायचं काय? सगळे रिपोर्ट त्याच्यापुढं ठेवू. त्यात काही निघालेलं नाही, हे खरंच आहे ना?”

“रिपोर्टात नाही, पण आपल्याला माहीत आहे ना?”

“अगं, काय माहीत आहे? डॉक्टरांना माहीत नाही ते तुला माहीत आहे?”

यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तिला दुखतंय एवढं माहीत आहे. तेवढं पुरे नाही का?”

तो प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत आहे. वडील खोटे बोलायला निघाले नव्हते. कागद खरे होते. पण अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, जे आपल्याला अडवते. दुसरे, जे आपल्याला सोयीचे पडते. ‘कारण सापडले नाही’ हे वाक्य पहिल्या प्रकारात जन्मते आणि बघता बघता दुसऱ्या प्रकारात जाऊन बसते. कारण सापडले नाही याचा अर्थ हळूच ‘कारण नाही’ असा होतो. कारण नाही याचा अर्थ ‘दुखणे नाही’ असा होतो. आणि दुखणे नाही, तर मग उरला तो केवळ हट्ट. तीन पायऱ्या आहेत, आणि उतरताना एकीवरही पाय अडखळत नाही. इथेच घोडे पेंड खाते.

घोड्यांच्या वैद्यकाचा इतिहास पाहिला तर या पायऱ्यांवरून कितीदा उतरणे झाले ते दिसते. आपल्याकडे अश्वविद्या जुनी आहे. विराटाच्या घरी अज्ञातवासात नकुल ग्रंथिक या नावाने घोडेच सांभाळीत होता. आणि घोड्याच्या वैद्याला आपण सलोत्री म्हणतो तो शब्दही शालिहोत्र मुनींच्या नावावरून आला. तरीही साध्या साध्या गोष्टी कळायला किती काळ लागला! युरोपात ओझ्याच्या घोड्यांना ‘सोमवार सकाळचे दुखणे’ होई. रविवारी काम बंद, पण चंदी पुरी. सोमवारी गाडीला जुंपले की घोडा थोडे चालून थांबे, घामाने निथळे, मागचे पाय लाकडासारखे ताठ होत, लघवी कॉफीच्या रंगाची होई. असाच ताठरपणा शर्यतीच्या आणि खेळाच्या घोड्यांतही दिसे. प्रकार सौम्य असला तर तो आळसच वाटे, आणि आळसावर चाबूक हे औषध सर्वांना माहीत होते. २००८ साली संशोधकांना यातल्या काही घोड्यांत एका जनुकातील दोष सापडला. त्या दोषामुळे त्यांच्या स्नायूंत साखरेचा साठा वाजवीपेक्षा फार होतो. त्यांच्यासाठी उपाय म्हणजे धान्य कमी करणे आणि एकही दिवस न चुकवता हालचाल. म्हणजे त्या घोड्यांपुरते आपल्या कोड्यातले उत्तर खरे निघाले! पण ते पुरे उत्तर नव्हते. न फिरवल्याने सगळे घोडे अडत नाहीत, आणि हे का अडतात ते रक्तात खोल लिहिलेले होते.

रक्तस्रावाचीही तीच कथा. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘फ्लाइंग चिल्डर्स’ नावाचा नामांकित घोडा होता. त्याच्या सख्ख्या भावाच्या नाकातून रक्त येई, म्हणून तो कधी शर्यतीत उतरला नाही आणि लोकांत ‘ब्लीडिंग चिल्डर्स’ म्हणूनच ओळखला गेला. रक्त दिसले तोच रोगी, अशी समजूत पुढे दोनशे वर्षांहून अधिक टिकली. मग लवचिक दुर्बीण श्वासनळीत घालून पाहण्याची सोय झाली. तेव्हा ध्यानात आले की, नाकातून एक थेंबही न आलेल्या कितीतरी घोड्यांच्या श्वासनळीत शर्यतीनंतर रक्त असते. भरधाव धावताना फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांवरचा दाब इतका वाढतो की त्या फुटतात. इतकी वर्षे ते रक्त तेथेच होते; आपली नजर तेथवर पोचत नव्हती, एवढेच.

आणि अगदी अलीकडे, २०१८ साली, इंग्लंडमधील पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या २४ लक्षणांची एक यादी प्रसिद्ध केली. कान मागे टाकणे, डोळा ताणणे, तोंड उघडणे, शेपटी फटकारणे, अडणे, उधळणे. यातली आठ किंवा अधिक एकाच वेळी दिसली तर घोड्याला हाडास्नायूंची वेदना असण्याचा दाट संभव, असे त्यांचे म्हणणे. मी ती यादी वाचली तेव्हा चमकलो. ही तर खोडकर घोड्याच्या दुर्गुणांची जुनी यादीच होती. फक्त मथळा बदलला होता.

येथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता: विज्ञान येईल, नाव सापडेल, तोवर धीर धरा. पण हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. पुण्याच्या त्या घोडीच्या दुखण्याला अजून नाव मिळालेले नाही. कदाचित कधीच मिळणार नाही. उद्या पुरावा निघेल या भरवशावर आज दया करायची, तर ती दया उधारीची झाली. पुरावा कधीच निघाला नाही, तर ती परत घ्यायची काय? ज्याला बोलता येत नाही त्याने आधी आपले दुखणे सिद्ध करावे आणि मग आपली माया मिळवावी, असा न्याय लावला तर तो त्याच्यावर जन्मभर अन्यायच होईल.

घोडे पाळणारे जाणते लोक यावर म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मी हलके लेखत नाही, की सगळेच अडणे दुखण्याचे नसते. घोडा हुशार असतो. अडले की काम टळते, हे तो दोन दिवसांत शिकतो. प्रत्येक नकारापुढे हात जोडले तर घोडा शिकणार कसा आणि खेळ चालणार कसा? हे खरे आहे. पण दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत सारखी नाही. निरोगी घोड्याला दुखणाईत समजून विश्रांती दिली तर एखादा हंगाम बुडेल, चषक दुसऱ्याच्या घरी जाईल. दुखऱ्या घोड्याला लबाड समजून चाबूक दाखवला तर तो दुखावलेल्या पायावर उडी घेईल, आणि त्याबरोबर त्याचा आपल्यावरचा विश्वासही मोडेल. पहिल्या चुकीची किंमत आपण देतो, दुसरीची तो देतो. ज्या चुकीचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते ती करताना हात अधिक कापला पाहिजे.

दुसऱ्या टोकाचाही मोह असतो. नाव सापडेपर्यंत स्वस्थ बसायचे नाही, म्हणून आज हे इंजेक्शन, उद्या तो काढा, परवा तिसरा तज्ज्ञ. त्यात घोड्याचे हित किती आणि आपल्या बेचैनीचे समाधान किती, हे तपासून पाहावे. नाव आपल्याला हवे असते. घोड्याला बहुधा सावली, पाणी आणि थोडी उसंत हवी असते.

स्पर्धेत या साऱ्याची परीक्षा होते. १९५६ सालचे ऑलिंपिक मेलबर्नला झाले, पण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला भरल्या. जर्मनीच्या हान्स गुंटर विंकलर याच्या जांघेचा स्नायू पहिल्या फेरीत फाटला. दुसऱ्या फेरीत त्याला धड बसवत नव्हते. त्याच्या हॅला नावाच्या घोडीने त्याला जवळजवळ नुसते वाहून नेले आणि एकही अडथळा न पाडता सुवर्णपदक मिळवून दिले. हॅलाच्या मनात काय होते ते सांगण्याचा आव मी आणत नाही. पण आपण ही गोष्ट कशी सांगतो ते पाहा. माणूस दुखत असताना खोगिरावर वेडावाकडा झाला तर ते शौर्य. घोडा दुखत असताना वेडावाकडा झाला तर ती खोड.

दुसरी घटना २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकमधली. ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा खेळ. याच खेळात भारताच्या चौघा तरुण स्वारांनी २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदक मिळवले, आणि त्यांतला एक मुंबईचा होता. रिओला नेदरलँड्सची अ‍ॅडेलिंड कॉर्नेलिसन हिचा १९ वर्षांचा पार्झिव्हाल हा घोडा स्पर्धेच्या तोंडावर आजारी पडला. तोंड सुजले, ताप ४० अंशांवर गेला. कीटक चावला असावा असा त्या वेळी तर्क होता. ताप उतरल्यावर ती त्याला घेऊन मैदानात आली. चाली सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात तिने त्याला थांबवले, पंचांना अभिवादन केले आणि ती बाहेर पडली. त्याला मैदानात आणलेच कशाला, असे विचारता येईल, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण थांबली त्या क्षणी तिच्याजवळ पक्के निदान नव्हते. होता तो हातातल्या लगामातून येणारा निरोप. तेवढ्यावर तिने चार वर्षांची मेहनत खाली ठेवली.

पुण्याची घोडी विकली गेली नाही. भोरजवळच्या एका शेतावर तिची सोय झाली आहे. खर्च भागवायला मुलगी सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. वडील पहिल्यांदा रागावले होते. आता दर रविवारी गाजरे घेऊन तेच आधी निघतात. घोडी कधी कधी मागचा एक पाय उचलून बराच वेळ उभी राहते. का, ते अजूनही कोणाला ठाऊक नाही.

दिवाळीच्या दिवसांत घरे भरलेली असतात. चकल्यांचा घाणा चाललेला असतो, पाहुणे येत असतात, आणि अशा गडबडीत घरातले कोणीतरी हमखास अडते. शाळा उघडायची म्हटली की एखाद्या मुलाच्या पोटात दुखू लागते. सून मध्येच पाठ धरून बसते, आणि तिच्या फोटोत तर डॉक्टरांना काहीच दिसलेले नसते. आजोबांना चार पावले चालवत नाही, आणि रक्ताचे सारे आकडे उत्तम असतात. तेव्हा ‘नाटकं’, ‘नखरे’, ‘सोंग’ हे शब्द आपल्या जिभेवर तयारच असतात. ते त्या जुन्या तट्टाचेच भाऊबंद. घोड्याला निदान बोलता येत नाही. ही माणसे तर बोलतात, “दुखतंय” म्हणून स्पष्ट सांगतात, आणि आपण त्यांच्याकडे रिपोर्ट मागतो.

त्यांच्यापैकी एखाद्याचे खरोखर सोंग असेलही. असू द्या. चकलीचे दोन घाणे कमी निघाले तर दिवाळी काही अडत नाही.